धुरपताचा लेअर

मांडवखेडी हे सेलू तालुक्यातलं, डांबरी रस्त्याला लागून असलेलं गाव. त्या गावाच्या चौकात एक हापशी होती आणि ती बंद होती. या दोन्ही बाबी सरकारला मान्य होत्या. मतभेद होता तो दुरुस्तीबाबत. नियमाप्रमाणे दुरुस्ती फक्त वापरात असलेल्या हापशीचीच करता येत असे. आमची हापशी बंद असल्यामुळे वापरात नव्हती आणि वापरात नसल्यामुळे तिची दुरुस्ती करता येत नव्हती. या तर्कात कुठेही चूक सापडत नाही. मी बरीच वर्षं शोधते आहे.

बिघाड मोठा नव्हता. आतले दोन पाईप सुटून बोअरमध्ये पडले होते. दांडा खालीवर केला की आतून नुसता ढेकर दिल्यासारखा आवाज येई. गावातल्या बायका मग नाल्यापलीकडच्या चंद्रभानच्या वाडीतल्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. चंद्रभान भला माणूस, त्याने विहिरीवर येऊ नका असं कधी म्हटलं नाही. पण वाट लांब, शेतातला धुरा, म्हणजे बांध, अरुंद आणि डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड.

या प्रकरणात सगळ्यात मोठा आवाज धुरपताचा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून सेलूच्या बाजारात विकणारी ही बाई. ओरडून बोलायची तिला सवयच होती. तिची सून गोपिका पोटुशी होती आणि घरात पाणी आणणारं दुसरं कोणी नव्हतं, कारण धुरपता पहाटेच आपल्या भाजीच्या वाडीत जाई. गोपिकाचे दिवस भरायच्या आत हापशी सुरू झाली पाहिजे, एवढंच तिचं मागणं. ते घेऊन ती रोज सरपंचांच्या किराणा दुकानासमोर उभी राही. सरपंच प्रभाकरराव म्हणजे माझे धाकटे दीर.

"अर्ज वर गेलेला हाये, धुरपताबाई," ते साखर तोलता तोलता सांगत.

"वर कुठं गेला, भाऊ? आभाळात गेला असता त पाणी तरी पडलं असतं."

अशा स्थितीत, सन दोन हजार दोनचा उन्हाळा तोंडावर असताना, जिल्ह्याच्या एका कार्यालयाचं परिपत्रक आलं. यापुढे गावांची प्रत्यक्ष पाहणी बंद करण्यात येत होती. पाहणीसाठी जीप लागे, जीपला डिझेल लागे आणि शिवाय गाव प्रत्यक्ष पाहिल्याने पाहणाऱ्याचं मत कलुषित होतं, असा अनुभव आला होता. त्याऐवजी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या मुख्य चौकाचा एक रंगीत फोटो पाठवावा. फोटोत गाव जितकं सुस्थितीत दिसेल तितका दुरुस्तीच्या निधीसाठी अग्रक्रम मिळेल.

म्हणजे हापशी दुरुस्त करून हवी असेल तर ती सुरू आहे असं दाखवणं भाग होतं. प्रभाकररावांना हे एका वाचनात समजलं. ते उगाच सरपंच झालेले नव्हते.

फोटो हा काही आमच्यासाठी नवा प्रकार नव्हता. माझ्या लहानपणी पुलगावहून एक फोटोवाला यायचा. तीन पायांवर पेटी ठेवायचा, काळ्या कापडात डोकं घालायचा आणि आतूनच ओरडायचा, "श्वास रोखा!" फोटोत माणूस असेल तसा येई, थोडा घाबरलेला. माझ्या सासूबाईंचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला आणि त्यात त्यांच्या मागून एक बकरी चालली आहे. ती बकरी आमच्या भिंतीवर सासूबाईंइतकीच वर्षं राहिली. तिला काढून टाकायला हवं होतं, हे कोणाच्या मनातच आलं नाही. बकरी तिथे होती, म्हणून फोटोत होती. इतकं साधं होतं ते.

आता सेलूच्या बसस्टँडसमोर योगेंद्रचा स्टुडिओ होता. त्याच्याकडे कॉम्प्युटर होता, आणि नागपूरला जाऊन तो फोटो सुधारायचा कोर्स करून आला होता. लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरीला तो ताजमहालासमोर उभं करी, आणि एकदा तर त्याने सावंगीच्या एका जोडप्याला बर्फात उभं केलं होतं. नवरीच्या अंगावर बिनबाह्यांचं पोलकं होतं, तरी कोणी काही बोललं नाही.

ठरल्या दिवशी योगेंद्र कॅमेरा घेऊन आला. सदस्य पांढरे कपडे घालून चौकात उभे राहिले. उपसरपंच हरिदासने गळ्यात उपरणं घेतलं. सदस्या यशोदाबाईंच्या वतीने, नेहमीप्रमाणे, त्यांचे यजमान हजर होते. आणि हापशीला पाठ लावून, पायाशी रिकाम्या गुंडांची रांग मांडून, धुरपता उभी होती.

"धुरपताबाई, बाजूले व्हा," प्रभाकरराव म्हणाले.

"काऊन? मी गावची नाई का?"

"गावच्या हाओ. पण फोटोच्या नाई."

"गुंड रिकामे हायेत, हे साहेबाले दिसलं पायजे. म्हणून त उभी हावो मी."

"साहेबाले रिकामे गुंड दाखवून कोनाचं भलं झालं, सांगा बरं?" हरिदासने समजूत घातली. "जरा गावाचा विचार करत जा."

"गावाच्या घशाचाच विचार करून राह्यली, भाऊ."

योगेंद्र कंटाळला. "राहू द्या, काका. उन्हं चालली. कॉम्प्युटरवर सगळं निघते."

दोन दिवसांनी मंडळी टेम्पोने सेलूला निघाली. मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मीही बसले, आणि डॉक्टर जेवायला गेले असल्याने स्टुडिओतच थांबले. तिथे गावाचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला. फार हुबेहूब आला होता. खड्डे, उकिरडा, गटाराच्या कडेला झोपलेली डुकरं, फाटक्या पत्र्याची शाळा आणि मधोमध डोळे वटारून उभी असलेली धुरपता. सदस्यांची तोंडं उतरली. आपण राहतो ते गाव असं आहे, याची त्यांना एकदम माहिती मिळाली होती.

"घाबरू नका," योगेंद्र म्हणाला. "हा एक फोटो नाई, काका. याचे मी लेअर केले. पोळ्यायची चवड असते ना, तशी. सगळ्यात खाली आभाळ. त्याच्यावर घरं. त्याच्यावर रस्ता. मंग हापशी, मंग तुमी मेंबर लोक. ज्या लेअरले पायजे त्याले फिल्टर मारायचा. बाकीच्याले धक्का नाई."

"फिल्टर म्हणजे?"

"म्हणजे जे हाये त्याले जसं पायजे तसं करणं."

"म्हणजे प्रशासन," असं मला म्हणावंसं वाटलं. पण दात दुखत होता.

मग कामकाज सुरू झालं. सभेत कधी झालं नाही इतक्या शिस्तीत झालं. आभाळाच्या लेअरला निळा फिल्टर मारण्याचा ठराव बिनविरोध मंजूर झाला. रस्त्याच्या लेअरला ब्लर मारला. खड्डे आणि रस्ता यांतला फरक नाहीसा झाला, आणि तसा तो एरवीही फारसा नव्हता. शाळेच्या पत्र्यावर कुठल्याशा बंगल्याची कौलं बसली. उकिरड्याच्या जागी गुलमोहर आला. डुकरांना हिरवळीचा फिल्टर मारल्यावर ती झुडपांसारखी दिसू लागली. हरिदासने मागणी केली की माजी सरपंचांचं घर, विरोधी गटाचं असल्यामुळे, थोडं जास्त धूसर करावं. तेही झालं.

पुढे एक तांत्रिक अडचण आली. फिल्टर मारण्याआधी लेअर निवडावा लागतो. योगेंद्रने चहाचा कप घेताना चुकून सदस्यांचा लेअर निवडला आणि त्यांनाच ब्लर मारला. सगळ्यांचे चेहरे एकमेकांत मिसळले; नाकं, मिशा, सुरकुत्या गेल्या; कोण कोणता हे सांगता येईना.

"सॉरी काका, मागे घेतो."

"थांब, थांब," प्रभाकरराव पडद्याजवळ सरकले. "राहू दे. बेस दिसून राह्यलं. वय बी कमी वाट्टे."

"आनखी एक हाये," यशोदाबाईंचे यजमान म्हणाले, "उद्या काही चौकशी लागलीच त कोन उभं होतं हे सांगता येत नाई."

तेव्हा ब्लर कायम करण्यात आला.

हापशीसाठी योगेंद्रने एका कॅलेंडरातला धबधबा आणला. तो कापून, लहान करून, हापशीच्या तोंडाला लावला आणि शार्पनचा फिल्टर मारला. पाण्याचा थेंब न् थेंब दिसू लागला. मला सांगायला लाज वाटते, पण ते बघून मलाच तहान लागली.

राहिली धुरपता. तिला वेगळ्या लेअरवर घेतलं होतं. हिरवा करून पाहिला, निळा करून पाहिला. तिच्या डोळ्यांतला राग कोणत्याही रंगात रागच दिसत होता. शेवटी योगेंद्रने पडद्याच्या कडेला बोट दाखवलं. प्रत्येक लेअरच्या नावाशेजारी डोळ्याचं लहानसं चित्र होतं.

"हा डोळा चालू असला त लेअर दिसते. बंद केला त नाई दिसत."

"म्हणजे बाई मिटवली?"

"मिटवली नाई. हाये तिथंच. फक्त आपल्याले दिसत नाई."

त्याने टिचकी मारली आणि धुरपता गुंडांसकट गेली. प्रभाकररावांनी त्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"हे आपल्या पंचायतीत पयलेपासून हाये गा," ते म्हणाले. "बटन तेवढं नव्हतं."

फोटो जिल्ह्यात पहिला आला. गावात पेढे वाटले गेले. एका पेपरात 'जलसमृद्ध मांडवखेडी' अशा मथळ्याखाली तो छापून आला, आणि ज्या नातेवाइकांनी आम्हाला वर्षानुवर्षं विचारलं नव्हतं त्यांचे नागपुराहून फोन आले. चौकातून जाताना लोक उगाच छाती काढून चालू लागले. गाव तेच होतं, पण आता ते प्रसिद्ध होतं.

निधीची वाट पाहण्यात आली. त्याऐवजी तालुक्याहून निरोप आला. फोटोत हापशीला भरपूर पाणी दिसत असल्याने दुरुस्तीचा प्रस्ताव निकाली काढण्यात आला होता. तसंच उन्हाळ्यात येणारा टँकरही, सदर गावास त्याची आवश्यकता नसल्याने, रद्द करण्यात आला होता. सरपंचांचं अभिनंदन करण्यात आलं होतं.

टँकर गेला तशी चंद्रभानच्या विहिरीवर सगळ्या गावाची रांग लागली. पाणी खाली गेलं, दोर वाढले, धुऱ्यावर सांडून चिखल झाला. त्या चिखलात एका सकाळी गोपिका गुंडासकट पडली. पोटातलं पोर वाचलं ते नशिबाने, हात मोडला. तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेताना धुरपता एक शब्द बोलली नाही, आणि तिला ओळखणारी माणसं त्यामुळेच जास्त घाबरली. सुनेला प्लास्टर घालून आणलं आणि दुसऱ्या दिवशी धुरपता पहिल्या एसटीने तालुक्याच्या कार्यालयात गेली. जाताना मला म्हणाली, "काकूबाई, तुमी चला. तुमाले साहेबाची भाषा समजते." मी गेले.

साहेबांचं नाव प्रेमदास. माणूस वाईट नव्हता. आम्हाला बसायला सांगितलं, पंखा आमच्याकडे वळवला. त्यांच्या मागच्या भिंतीवर आमच्या गावाचा फोटो मोठा करून लावला होता.

"साहेब, आमची हापशी बंद हाये," धुरपता म्हणाली.

साहेबांनी मागे वळून खात्री करून घेतली. "बाई, पाणी येत आहे. हे काय."

"थे पाणी क्यालेंडरातलं हाये."

"पाण्याचा स्रोत कोणता, हा या कार्यालयाचा विषय नाही. त्यासाठी वेगळं खातं आहे."

"माही सून पाणी आणताना पडली. हात मोडला तिचा. पोटुशी हाये थे."

"कुठून आणत होती?"

"चंद्रभानच्या विहिरीवरून."

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "चौकात एवढं पाणी असताना गरोदर बाईला तुम्ही इतक्या लांब पाठवलं? हा छळ आहे, बाई. तुमच्यावर उद्या केस होऊ शकते. मी काही बोलत नाही, जाऊ द्या."

धुरपताने माझ्याकडे पाहिलं. 

"साहेब," मी म्हटलं, "गाव सोळा मैलांवर आहे. एकदा येऊन बघा ना."

"पाहणी बंद आहे, आजी. परिपत्रक आहे." मग ते फोटोजवळ गेले आणि चष्मा वर करून शोधू लागले. "आणि या बाई मांडवखेडीच्याच कशावरून? यात तर दिसत नाहीत."

"मी होती त्याच्यात! हापशीपाशीच उभी होती. माहा लेअर बंद केला यायनं!"

"ऐसा है बाई, जे दिसतं ते आहे. जे दिसत नाही ते विचाराधीन आहे. तुम्ही आधी फोटोत या, मग तुमची तक्रार नियमात बसेल."

बोलता बोलता साहेबांची नजर हापशीवर खिळली. त्यांनी आणखी जवळ जाऊन पाहिलं. पाणी धो धो पडत होतं, पण दांड्याशी कोणीच नव्हतं. "अरे वा," ते स्वतःशीच म्हणाले, "न हापसता येतंय." आणि त्यांनी टेबलावरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. त्या टिपणाचं पुढे काय होणार, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

आम्ही तिथून सरळ योगेंद्रकडे गेलो. तो तिला मावशी म्हणायचा. त्याची आई दर बाजाराला तिच्याकडूनच वांगी घ्यायची. तो ओशाळला.

"मावशी, डोळा उघडता येत नाई आता. फोटो पाठवाच्या आधी फ्लॅटन करा लागते. सगळे लेअर एकमेकांत बसले. आता खाली कोन हाये, वर कोन हाये, काही राह्यलं नाई. अन् जुनी फाईल काढून टाकली. लग्नाचा सीझन हाये, जागाच नव्हती."

"म्हणजे मी गेलीच?"

"नव्यानं टाकून देतो ना. पण सरपंचाले विचारा लागन."

प्रभाकरराव लगेच कबूल झाले. गावातली बाई फोटोत असावी, असं त्यांचंही मत होतं. महिलांचा सहभाग दिसतो. फक्त दोन अटी होत्या. गुंड भरलेला पाहिजे आणि चेहरा प्रसन्न.

"मी हासनार नाई," धुरपता योगेंद्रला म्हणाली.

"नका हासू. तुमी फक्त उभ्या राहा. हासनं मी पाहून घेतो."

त्या लग्नसराईत सात नवऱ्या हसवून हात बसलेला माणूस तो. त्याने धुरपताच्या लेअरला एक फिल्टर मारला, सुरकुत्या गेल्या. दुसरा मारला, रंग उजळला. ओठांचे कोपरे दोन्हीकडून धरून वर ओढले. कुठल्याशा जाहिरातीतले दात बसवले. विटक्या निळ्या लुगड्याचा काठ गडद केला, गुंडाच्या तोंडाशी पाणी हिंदकळवलं. धुरपता शेजारी उभी राहून हे सगळं बघत होती.

"ही कोन हाये रे?" तिने विचारलं.

"तुमीच हाव, मावशी."

"मी अशी कधी होती? माह्या लग्नात बी नाई." ती पडद्याजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "सुखी दिसून राह्यली बाई."

नवा फोटो तालुक्याला गेला आणि त्याच्या मागोमाग धुरपता. प्रेमदास साहेबांनी तिला आता ताबडतोब ओळखलं. अर्थात थोडं निरखून पाहावं लागलं. तक्रार नियमात बसत होती. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि फोटोवर बोट ठेवलं. "बाई, पाणी तुमच्या डोक्यावर आहे. तुम्ही हसता आहात. मग तक्रार नेमकी काय आहे?"

त्याच आठवड्यात एक ट्रॅक्टर आला आणि हापशीचा दांडा आणि वरचं डोकं नट काढून घेऊन गेला. ज्या हापशीतून न हापसता पाणी येतं तिला दांड्याची गरज नसते. तो गरजू गावाला देण्यात येत होता. त्या गावाने आपला खरा फोटो पाठवला होता, कारण त्यांच्याकडे कॉम्प्युटरवाला नव्हता. त्यांना दांडा मिळाला आणि अस्वच्छ छायाचित्राबद्दल ताकीदही मिळाली. आमच्या चौकात सिमेंटचा ओटा आणि जमिनीत जाणारं एक भोक उरलं. भोकात कोणी पडू नये म्हणून त्यावर फरशी ठेवली. प्रभाकरराव म्हणाले, विकास झाला की जुन्या वस्तू जायच्याच.

गोपिका बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला पाणी कमी पडलं, म्हणून पाहुण्यांना आधी चहा दिला आणि मग उरलेल्या पाण्यात हात धुवायला सांगितलं. हात जुळून आल्यावर गोपिका पुन्हा धुऱ्याने जाऊ लागली. पोर कडेवर, गुंड डोक्यावर.

धुरपताने शेवटचा प्रयत्न ग्रामसभेत केला. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मले कोनाशी भांडाचं नाई. चौकाचा एक फोटो काढू. जसा हाये तसा. खाली समद्या गावानं अंगठा देऊ. अन् साहेबाले पाठवू. बस."

मला वाटलं, आता तरी बायका उठतील. पाणी त्यांच्याच डोक्यावरून येत होतं. पण मधल्या काळात गावात बरंच काही घडून गेलं होतं. हरिदासच्या मुलाला त्या फोटोवर हिंगणघाटची सोयरीक मिळाली होती. मुलीकडच्यांना फोटो आधी दाखवायचा आणि लग्न सेलूच्या मंगल कार्यालयात लावायचं, अशी पद्धतच पडली होती. पोरींचे फोटो योगेंद्र आता ताजमहालासमोर नाही, फोटोतल्या मांडवखेडीच्या चौकात बसवून देत असे.

"धुरपताबाई," यशोदाबाई त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतः बोलल्या, "तुमची हापशी व्हईन दुरुस्त. पण आमच्या पोरीयचे सोयरे फिरले त? खरा फोटो पाह्यल्यावर कोन देईन पोरगी अन् कोन करीन?"

"माय, तुह्या डोक्यावरचे केस गेले ना वं पाणी वाहून वाहून!"

"जाऊ द्या गेले त. फोटोत लावता येतेत."

प्रभाकररावांनी, ठराव मांडणारीला सोडून, मत घेतलं. खऱ्या फोटोच्या बाजूने गोपिकाने हात वर केला. ज्या हाताचं हाड जुळून आलं होतं तोच. पण गोपिका फोटोत कुठेच नसल्याने तिचं मत धरायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि ठराव एकमताने फेटाळला गेला. धुरपता खाली बसली. मी तिला हरून बसलेली पाहिली ती तेव्हाच.

पुढे त्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स तयार झाला आणि हापशीच्या रिकाम्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, उभा राहिला. उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. त्यांना वेळ नव्हता. त्यांनी आपला फोटो पाठवला, आणि योगेंद्रने त्यांना फ्लेक्समध्येच, हापशीचं पाणी ओंजळीने पिताना, उभं केलं. टाळ्या मात्र खऱ्या वाजल्या.

आता वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. माणसं उतरतात, कपाळावर आडवा हात धरून बघतात, बाटलीतलं पाणी पितात. काही वर्षांपूर्वी मी समोरच, आमच्या घराच्या ओट्यावर, तूर निवडत बसले असताना अशीच एक गाडी थांबली. शिकलेलं, सभ्य कुटुंब होतं. वाचनाचीही आवड असावी, मागच्या काचेशी दिवाळी अंक पडले होते. बाईंनी फ्लेक्सवरच्या धुरपताकडे बोट दाखवलं.

"काय गोड हसते आहे बघा. शहरात असं हसू दिसतं का कुठे?"

"समाधान असतं हो या लोकांत," गृहस्थ म्हणाले आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्यातून बघू लागले. बाई आणि मुलं फ्लेक्ससमोर उभी राहिली.

त्याच वेळी नाल्याकडून धुरपता आणि गोपिका येत होत्या. मानेपर्यंत ओल्या, दोघींच्या डोक्यावर गुंड, गोपिकाच्या कडेवर पोर. गृहस्थांनी कॅमेरा जरा खाली घेतला आणि फार नम्रपणे म्हणाले, "मावशी, थोडं बाजूला होता का? फोटोत येता आहात."

धुरपता थांबली. पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं. तिने सुनेचा दंड धरला आणि दोघी रस्त्याखाली उतरल्या.

कॅमेऱ्यामागचा तुमचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. पण फोटो घरात असेल, काढून बघा. चांगलाच आला असणार. डाव्या कोपऱ्यात विटक्या निळ्या लुगड्याचा काठ आला असेल, तर मनाला लावून घेऊ नका. हल्ली तेवढं काढून टाकणं फार सोपं झालं आहे.